चक्कीसमोरचा थांबा

आमच्या माडीवर राहणाऱ्या साहेबांना कुणी भेटायला गेलं तर त्याला लगेच बसता येत नसे. साहेब स्वतः उठून खुर्ची पुढे करत, पण पाहुणा टेकणार तेवढ्यात विचारत, "कुठून आलात?" पाहुणा सांगे. "कशानं आलात?" टांग्यानं, सायकलनं, पायी, जे असेल ते तो सांगे. मग साहेब मान जरा तिरकी करत आणि तिसरा प्रश्न टाकत, "काहून?"

आपण टांग्यानं का आलो याचा विचार करून कोण टांग्यात बसतं? पाहुणा अर्धवट वाकून कारण शोधत राही आणि ते सापडेपर्यंत साहेब खुर्चीची पाठ धरून उभे असत. आमचा दूधवाला एकदा इतका भ्याला की म्हणाला, "गलती झाली साहेब. कल से पैदल येतो."

आमच्या बुधवारा मोहल्ल्यात त्यांचं नाव मोजणीसाहेब पडलं. ते जमिनी मोजतात असा लोकांचा समज होता. ते राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत निंबोल्याचे दोन शेतकरी बांधाचा वाद घेऊन माडी चढले. दोघांची बोलचाल बंद होती. जे सांगायचं ते दोघंही भिंतीकडे बघून सांगत होते. साहेबांनी बांधाबद्दल एक शब्द विचारला नाही. दोघं एकाच बैलगाडीतून आले हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला.

"भांडण असून एका गाडीत? काहून?"

एकानं भिंतीला सांगितलं, "माझ्या गाडीचं चाक मोडेल होतं."

दुसऱ्यानं समोरच्या भिंतीला सांगितलं, "मला केळी आणायचीच होती. मागं जागा होती."

साहेबांनी दोघांना चहा पाजला आणि ते गेल्यावर जिन्यातून खाली येऊन माझ्या आईला म्हणाले, "पाहिलं का वहिनी? माणूस वैर सोडत नाही. पण आयती गाडी त्याहून सोडत नाही." बांध जिथल्या तिथे राहिला.

साहेब जमीन नव्हे, माणसांचं येणं-जाणं मोजत. खरं तर अजून न झालेलं येणं-जाणं मोजत. नवा रस्ता काढला तर जुन्यावरचे किती लोक तिकडे वळतील, बस सुरू केली तर टांग्यातून किती उतरतील, हे आधी सांगायचं, असं ते काम होतं. त्यासाठी सरकारनं त्यांना काही महिने अमेरिकेला पाठवून शिकवून आणलं होतं. ते परतून कचेरीत टेबलाशी बसतात न बसतात तोच नागपूर राजधानी असलेलं जुनं राज्य मोडलं. कचेऱ्या भोपाळला निघाल्या, बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं. या हलवाहलवीत हे शिकून आलेले गृहस्थ कुठल्या खोलीत बसवायचे ते कुणाला ठरवता येईना. बुऱ्हाणपुरात शहरापासून लालबागच्या स्टेशनापर्यंत एक बस सुरू करायची होती. तिचा अंदाज करा म्हणून त्यांना आमच्या गावी धाडलं, आणि ते आमच्या माडीवर आले.

आईनं एकदा त्यांचाच डाव त्यांच्यावर उलटवला. ते जेवायला बसले होते. आई वाढता वाढता म्हणाली, "सगळ्या गावाला विचारता. आता तुम्ही सांगा, कुठून, कशानं, काहून?"

साहेबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "आम्ही कुठं गेलोच नाही, वहिनी. मी माझ्या टेबलाशीच बसून होतो. राज्यच उठून गेलं." मग वरण मागितलं.

बाबांना ते आपला धंदा जिलबीवरून समजावून सांगत. माव्याची जिलबी गावात दोन ठिकाणी मिळते असं धरा. एका दुकानात गरम, पण गर्दी. दुसरीकडे गार, पण लगेच हातात. सगळे गरम जिलबीकडे जात नाहीत आणि सगळे गारही खात नाहीत. शंभरांतले किती इकडे आणि किती तिकडे, ते दुकान उघडायच्या आधी सांगायचं.

"आणि तुम्ही कुणीकडे जाता?" बाबांनी विचारलं.

"मला गोड चालत नाही," साहेब म्हणाले.

त्यांचा एक सिद्धांत आमच्या घरात म्हणीसारखा वापरला जाऊ लागला. वाट पाहण्याचं एक मिनिट हे प्रवासाच्या दोन मिनिटांएवढं जड असतं. बाबांना चहाला उशीर झाला की ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणत, "दुप्पट होतंय हं." आई आतून म्हणे, "मग चालत या चुलीपाशी."

शहराचे तुकडे पाडून त्यांना साहेबांनी आकडे दिले होते. बुधवारा म्हणजे झोन चार. आईला ते कुणासमोर बोलताना 'झोन चारच्या वहिनी' म्हणत. आईची तक्रार नव्हती. "माहेरचं एक नाव, सासरचं एक, आता हे सरकारी," ती म्हणायची.

गंमत अशी, की शनवाऱ्याहून बुधवाऱ्यात किती माणसं कुठल्या गल्लीनं येतील ते साहेब बसल्या जागी सांगत, पण स्वतः शनवाऱ्याहून निघाले की बुधवाऱ्यात पोचतील याची खात्री नसे. दोनदा ते लोहारमंडीत सापडले आणि एकदा पार नदीच्या घाटावर. बाबा आणायला गेले तर घाटावर बसून धुणाऱ्या बायकांना विचारत होते की इतक्या जवळ विहीर असून तापीवर काहून. "हरवलात का?" बाबांनी विचारलं. "छे. दुसरा रस्ता तपासत होतो," साहेब म्हणाले, आणि मुकाट्यानं बाबांच्या मागे चालू लागले.

दुसरी गंमत ते लपवून ठेवत. त्यांना मोटार लागायची. गावोगावी बस नेण्याचे अंदाज करणारा हा माणूस शक्य तिथे पायीच जाई. इच्छापूरला देवीच्या जत्रेला माणसं कशानं येतात ते बघायला गेले तेही बैलगाडीनं. तिथून परतले ते आनंदात. एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं होतं की सर्व्हिसची मोटार येत असताना गाडी जुंपून एवढ्या लांबून काहून आलात. म्हातारा म्हणाला होता, "मी नाही आलो साहेब, बैल आला. तो आजारी होता ना, त्याचा नवस बोलला होता." साहेब आम्हाला सांगत होते, "म्हणजे इथं प्रवासी बैल आहे आणि म्हातारा त्याच्यासोबत आलाय. अमेरिकेत हे कुणी शिकवलं नाही."

आता माझं थोडं सांगायला हवं, कारण बस मला हवी होती.

मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले, वसतिगृहात राहून. परत आले तेव्हा मला पुढे बी.ए. करायचं होतं. कॉलेज खंडव्याला. सकाळची गाडी धरली तर संध्याकाळी घरी येता येत होतं. बाबांचा शिक्षणाला विरोध नव्हता, गाडीलाही नव्हता. गाडीत बायकांचा डबा असतो. त्यांचा विरोध घर ते लालबाग एवढ्याच तुकड्याला होता. रोज सकाळी एकटी मुलगी टांग्यात, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं, आणि त्यांची कचेरी त्याच वेळेला. "बस होतेय म्हणतात. नीट चालली तर बघू," ते म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सहसा नाही असा होतो. पण या वेळी त्याच्या आधी एक अट होती, आणि अट म्हणजे दार किलकिलं असणं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. मी काहीच कुणाला बोलून दाखवत नसे.

माझ्या न बोलण्याला एक खास शत्रू होता. चौकात माझ्या काकांचं लुगड्यांचं दुकान होतं. मी समोरून जाताना दिसले की काका गादीवरून अर्धे उठत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "ये देखो, हमारी भतीजी! मड्डमसारखी अंग्रेजी बोलते. बोल बेटा, जरा बोलून दाखव!" लुगड्याचा पदर हातात धरलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत. एकदा मी कशीबशी "गुड आफ्टरनून" म्हणाले, तर काकांनी त्याचा अर्थ सगळ्यांना समजावून सांगितला. काका प्रेमानं करत, हेच त्यातलं अवघड होतं. मी चौक टाळायला लागले. पोस्टात जायचं तर घरातून उजवीकडे सरळ रस्ता. मी डावीकडून, मागच्या गल्लीनं, पिठाच्या चक्कीवरून वळसा घालून जाई.

साहेबांनी हे माडीच्या खिडकीतून पाहिलं असणार. एके दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "मिस, पोस्ट उजवीकडे आहे. तुम्ही डावीकडे जाता. काहून?" इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ते मला मिस म्हणत.

"असंच," मी म्हणाले.

"असंच असं कारण जगात नसतं," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "पण असू द्या," म्हणून वर गेले. पुष्कळ लोकांनी तेवढ्यावर सोडलं नसतं.

घरोघर जाऊन कोण कुठे जातं ते विचारायचं काम सुरू झालं तेव्हा साहेबांनी मला मदतीला मागितलं. पुरुष विचारायला जात तेव्हा घरातले पुरुषच उत्तरं देत आणि बायकांच्या नावापुढे एकच उत्तर येई: कुठं जात नाहीत. झोन चारमधल्या सगळ्या बायका जन्मल्यापासून जागच्या हललेल्या नाहीत, असं त्यावरून दिसत होतं. साहेब बाबांना म्हणाले, "तुमची मुलगी द्या. ती बोलत नाही, त्यामुळे लोक बोलतील."

पहिल्याच घरात, शेजारच्या वहिनींकडे, सासूबाई झोपाळ्यावर होत्या. मी वहिनींना विचारलं, तुम्ही कुठे कुठे जाता? वहिनी म्हणाल्या, "कुठं नाही जात बाई. मी भली नि माझं घर भलं." सासूबाईंनी समाधानानं झोका घेतला. मी निघाले. वहिनी जिन्यापर्यंत पोचवायला आल्या आणि खालच्या पायरीवर माझा हात धरून भराभर कुजबुजल्या, "लिही. सोमवारी महादेवाला. गुरुवारी लालबागच्या दवाखान्यात, पाठ दुखते ना. तिथून बहिणीकडे, पण ते नको लिहू. नाही, लिही. नाव नको लिहू."

"कशानं जाता?"

"पायी. टांग्यात एकटी बसली तर सांगणारे हजार."

जवळजवळ प्रत्येक घरात वरच्या मजल्यावर एक उत्तर होतं आणि खालच्या पायरीवर दुसरं. साहेबांनी खालच्या पायरीवरची उत्तरं धरली. त्यांचा आकडा एकदम फुगला. इतक्या बायका लालबागला पायी जातात, बस मिळाली तर त्या बसमध्येच बसणार, यात शंका नव्हती. रस्ता सर्वांत सरळ तो धरला, चौकातून. थांबा चौकात, काकांच्या दुकानासमोर. मला ते कळलं, पण साहेबांच्या गणितात मी काय बोलणार!

बस आली. हिरवी, नवीन रंगाचा वास येणारी. काकांनी तिला हार घातला. साहेबांनी चौकात उभं राहून सांगितलं, "आठ दिवसांनी या. टेकायला जागा मिळणार नाही."

आठ दिवसांनी बसमध्ये ड्रायव्हर, कंडक्टर, दोन-चार पुरुष आणि केळीच्या घडांचा एक हारा असे. बायका एकही नाही. वहिनी गुरुवारी पाठ धरून पायीच लालबागला जात होत्या, आणि बस त्यांच्या बाजूनं धूळ उडवत रिकामी जाई. चौकातले लोक साहेबांना हाक मारत, "साहेब, बस तर हवा खाऊन ऱ्हायली!" वरून निरोप आला की दिवाळीपर्यंत गाडी भरली तर ठीक, नाहीतर ती दुसऱ्या गावी जाईल.

साहेबांचं जेवण कमी झालं. माडीवर त्यांच्या फेऱ्या ऐकू येत. एकदा ते बाबांना म्हणाले, "गणित बरोबर आहे. माणसं चुकताहेत." बाबा नेहमीप्रमाणे काही गमतीचं बोलायला गेले आणि त्यांचा चेहरा बघून थांबले. माझ्यापुरतं मी मनात खंडवा मिटून टाकायला सुरुवात केली होती. बाबा त्या दिवसांत 'बघू' असंही म्हणत नव्हते.

एका दुपारी मी चक्कीवरून वळसा घालून घरी आले, तर साहेब जिन्याच्या पायथ्याशी, बायका खरं बोलायच्या त्याच पायरीवर बसले होते. "मिस," ते म्हणाले, "मी तुम्हाला एकदाच विचारलं होतं. आता पुन्हा विचारतो, कारण मला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही बसमध्ये काहून बसत नाही?"

त्यांचा आवाज इतका साधा होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "काकांच्या दुकानासमोर उभं राहावं लागतं."

मग काकांचं अंग्रेजीही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाकीच्यांनाही?"

"बाकीच्यांना अंग्रेजी नाही. पण कुणाचा सासरा चौकात बसतो, कुणाचा दीर. तिथे पदर सावरून बसची वाट बघत उभं राहायचं म्हणजे..."

"वाट पाहणं दुप्पट जड असतं, ते मी धरलं होतं."

"दुप्पट नाही," मी म्हणाले.

साहेब सरसावून बसले. "मग किती? चौकात उभं राहायचं टाळायला तुम्ही किती लांब चालाल? शनवाऱ्यापर्यंत?"

"हो."

"शिकारपुऱ्याच्या दरवाज्यापर्यंत?"

"हो."

"मे महिन्याच्या उन्हात?"

"हो."

"बापा!" साहेब म्हणाले. मग म्हणाले, "हे सगळ्यांना विचारून या."

मी पुन्हा घरोघर गेले, आणि या वेळी सरळ खालच्या पायरीवरूनच सुरुवात केली. उत्तर वहिनींनीच दिलं, तेही तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलताना. त्या म्हणाल्या, "उभं राहायला मिळतं ते एक चक्कीपाशी. दळणाचा डबा हातात असला म्हणजे किती बी उभी राहा, कोणी विचारत नाही कुठं चालली म्हणून."

मी हे साहेबांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच मागच्या गल्लीतल्या चक्कीसमोर जाऊन उभे राहिले आणि दुपारी परतले तेव्हा त्यांच्या भुवयांपर्यंत पीठ बसलं होतं. ओळखू येत नव्हते. आईला म्हणाले, "वहिनी, त्या चक्कीपाशी निम्मा झोन चार उभा असतो. आणि एकालाही त्यात काही वावगं दिसत नाही."

"अहो, दळण तर लागतंच ना," आई म्हणाली.

त्यांनी थांबा हलवला. चौकाऐवजी चक्की, तिथून मागच्या गल्लीनं शहराबाहेर. वळसा मोठा होता. वर त्यांनी 'मार्गात किरकोळ फेरफार' एवढंच कळवलं. अमेरिकेत शिकलेल्या प्रत्येक नियमाविरुद्ध ती बस लांबच्या रस्त्यानं जाऊ लागली.

पहिल्या गुरुवारी वहिनी डबा घेऊन चक्कीवर गेल्या, बस आली, आणि डब्यासकट बसल्या. त्यांच्यामागून दोघी बसल्या. पुढच्या आठवड्यात बसमध्ये गुडघ्यागुडघ्यावर पितळेचे, पत्र्याचे डबे दिसू लागले, बहुतेक सगळे रिकामे. वळणावर ते एकमेकांवर आपटून असा आवाज होई की बस आधी ऐकू येई आणि मग दिसे. घरी सासूनं विचारलं, दळणाला इतका वेळ? तर, गर्दी होती. गर्दी खरीच होती. चक्कीवाला मात्र हैराण झाला. तो साहेबांकडे येऊन म्हणाला, "साहेब, माझ्या दारात इतकी भीड कधी नव्हती, आणि दळायला कोणी देऊन नाही ऱ्हायलं. आता मी काय करू?" साहेबांनी त्याला आधी खुर्ची दिली. प्रश्न विचारले नाहीत. तो एवढा एकच पाहुणा मी थेट बसलेला पाहिला.

दिवाळी आली तेव्हा बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. बाबा एका सकाळी कुणाला न सांगता चक्कीपाशी जाऊन बस बघून आले. चपला काढता काढता म्हणाले, "भरलेली असते." मग चहा अर्धा झाल्यावर, "पुढच्या सालच्या वर्गाला नाव घालता येत असेल तर विचार खंडव्याला." आई आतून म्हणाली, "विचार कशाला, सांग." उन्हाळा उलटल्यावर कॉलेज उघडलं, तेव्हा माझं नाव त्यात होतं.

साहेब तोवर आमच्याकडेच होते आणि नेमके त्याच आठवड्यात निघाले. आधी नागपूरला घरी, मग भोपाळला, पुढचं तिथे ठरणार होतं. माझा कॉलेजचा पहिला दिवस आणि त्यांचा निघायचा दिवस एकच आला. सामान टांग्यात गेलं. साहेब कशानं जाणार यावर गल्लीत चर्चा होती. बहुतेकांचा अंदाज पायी असा होता. साहेब चक्कीपाशी आले आणि बसच्या रांगेत उभे राहिले.

"मोटार लागेल तुम्हाला," मी हळूच म्हणाले.

"मी या बसमध्ये एकदाही बसलो नाही. हे बरं दिसत नाही, मिस."

तेवढ्यात आई घाईघाईनं गल्लीतून आली आणि तिनं त्यांच्या हातात आमचा दळणाचा डबा दिला. रिकामा, झाकणासह. "असू द्या भाऊजी. लागला तर लागला. नाहीतर शोभून तरी दिसेल."

साहेब बायकांच्या मधोमध, मांडीवर डबा घेऊन बसले. पहिल्या वळणालाच त्यांचा रंग गेला. मग सगळ्या बसनं त्यांना हाती घेतलं. एकीनं आवळासुपारी दिली, एक म्हणाली समोर बघा, बाजूला नका बघू, वहिनींनी लिंबू काढून दिलं. साहेबांनी लिंबू नाकाशी धरून अगदी बारीक आवाजात विचारलं, "तुम्ही आज कुठं? काहून?" आणि वहिनी सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बहिणीकडे. मन केलं म्हणून!" त्यांच्या हातात डबा नव्हता. मी मग आजूबाजूला पाहिलं. निम्म्या बायकांकडे नव्हता. केव्हापासून, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

लालबागला उतरल्यावर साहेबांनी डब्याचं झाकण काढून मला आतून दाखवलं. स्वच्छ होता. "झोन चारच्या वहिनींना सांगा," ते म्हणाले. त्यांना इतकं खूश मी अंदाज बरोबर आल्यावरही पाहिलं नव्हतं.

माझी गाडी खंडव्याकडे, त्यांची भुसावळकडे. माझी आधी आली. मी बायकांच्या डब्यात चढले, तेव्हा ते खिडकीशी येऊन म्हणाले, "जाता जाता तुमचा एक अंदाज सांगतो. बी.ए. कराल. नोकरीही कराल. पण काकांच्या दुकानासमोरून जाणार नाही. कधीच नाही."

मी हसले. मांडीवर पुस्तकं आणि दळणाचा रिकामा डबा घेऊन मी कॉलेजात गेले. तो दिवसभर बाकाखाली होता. माझ्याशी तिथे पहिल्यांदा कुणी बोललं ते त्या डब्याबद्दलच.

साहेबांच्या अंदाजात एक गोष्ट बसत नव्हती. चौकातून बस गेली, बायका तिच्यामागे लालबागला गेल्या, आणि लुगडीही बायका तिकडेच घेऊ लागल्या. हे काकांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. त्यांनी चौकातलं दुकान मुलावर सोपवून लालबागला दुसरं काढलं आणि स्वतः तिथे गादीवर बसू लागले. बसच्या शेवटच्या थांब्यासमोर, अगदी नाकासमोर.

तेव्हापासून मी एक थांबा आधी उतरते आणि उरलेलं अंतर मागच्या बाजूनं चालत जाते. बी.ए. झालं. आता मी खंडव्याच्या शाळेत शिकवते, आणि अजूनही रोज एक थांबा आधी उतरते. कंडक्टर मला विचारतही नाही.

मागच्या पावसाळ्यात एकदा अलीकडच्या थांब्याला पाणी साठलं होतं आणि बस तिथे थांबलीच नाही. मी थेट काकांच्या समोर उतरले. दुकान बायकांनी भरलेलं होतं. काकांनी मला पाहिलं आणि गादीवरून अर्धे उठले. मी छत्रीची मूठ घट्ट धरली. काका गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "ही माझी पुतणी. रोज खंडव्याला जाते. एकटी." एवढंच म्हणाले आणि पुन्हा बसले. बोलून दाखव म्हणाले नाहीत. मी गाडी चुकेल म्हणून पुढे गेले, पण वळून पाहिलं तेव्हा ते अजून माझ्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं होतं. मी पुन्हा एक थांबा आधीच उतरले. काकांचं काही नाही. पण साहेबांचा अंदाज माझ्या हातून चुकावा, हे मला बरं वाटेना.